उपाशी पोरीचं कौतुक

पुण्यात माणूस भेटला की आधी त्याचं वजन करतात. म्हणजे डोळ्यांनी. "काय गं, सुटलीस की!" हे नमस्काराच्या जागी, आणि "बारीक झालीस गं, छान दिसतेस" हे आशीर्वादाच्या जागी. मी अमरावतीकडची. आमच्याकडे दारात कोणी आलं की पहिला प्रश्न "जेवले का?" असतो. नोकरीसाठी पुण्यात आले, इथल्याच मुलाशी लग्न केलं, सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर संसार मांडला, पण ही डोळ्यांची तागडी काही अंगवळणी पडली नाही. अजूनही कोणी अशी वरून खालपर्यंत नजर टाकली की माझं डोकं फिरतं.

त्या काळात मी येरवड्याच्या बाजूला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करत होते. अमेरिकेतली माणसं सकाळी ऑफिसात येऊन बसली की आमची रात्रीची जेवायची वेळ व्हायची. कॉल संपेपर्यंत कँटीनमध्ये गार सामोसे आणि मशीनची गोड कॉफी एवढंच उरलेलं असायचं. काही वर्षांत व्हायचं तेच झालं. गुडघे कुरकुरायला लागले, तीन मजले चढताना धाप लागायला लागली, आणि पेठेतल्याच आमच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट बघून सांगितलं, "साखर उंबरठ्यावर उभी आहे. आत घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा." वर हेही बजावलं की उपाशी राहायचं नाही. "वेळेवर जेवा, चाला, झोपा. उपाशी राहून घालवलेलं वजन सामानसुमान घेऊन परत येतं."

मी ऐकलं. साहेबाला स्पष्ट सांगितलं की जेवायच्या वेळेला मी कॉलवर नसेन, काय करायचं ते करा. त्याने काहीही केलं नाही, आणि अमेरिकेचंही काही अडलं नाही. पहाटे टेकडीवर जायला लागले. ताटात भाजी वाढली, भाकरी आली, भात थोडा कमी झाला, पण बंद काहीच केलं नाही. दिवाळीत करंजीही खाल्ली, आणि चोरून नाही, सगळ्यांसमोर बसून खाल्ली.

एक गोष्ट मात्र मी अगदी ठरवून पाळली. माझी मुलगी तेव्हा पाचवीत होती. तिच्या समोर वजन हा शब्द काढायचा नाही, जाड-बारीक म्हणायचं नाही, घरात वजनकाटा आणायचा नाही. ती विचारायची, "आई, तू रोज का चालतेस?" तर मी म्हणायचे, "गुडघे दुखतात म्हणून." जे तिच्या ताटात, तेच माझ्या ताटात. आरशासमोर उभं राहून पोट आत ओढणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या होत्या, त्यांच्या मागे उभ्या राहून ते बघणाऱ्या त्यांच्या मुलीही पाहिल्या होत्या. माझ्या घरात ते होणार नव्हतं.

कंपनीत त्याच सुमारास वजन घटवायची स्पर्धा निघाली. लॉबीत काटा मांडला, त्यावर चढायला रांग लावली, आणि जिंकणाऱ्याला मॉलमधलं गिफ्ट व्हाउचर. माझ्या शेजारच्या टेबलवरची इंजिनियर झालेली, चांगली शहाणीसुरती मुलगी दोन दिवस काळ्या कॉफीवर राहिली. मला एचआरवाल्या बाई म्हणाल्या, "तुम्ही तर आधीच इतकं कमी केलंय, भाग घ्या ना, मोटिव्हेशन मिळेल." म्हटलं, "माझा गुडघा मोटिव्हेशन देतो रोज, फुकट." झिरो फिगर हा शब्द तेव्हा नवा नवा आला होता आणि ज्याच्या त्याच्या तोंडात होता. शिकलेल्या माणसांनी शून्य होण्यासाठी धडपडावं, काय म्हणायचं याला!

आता माझ्या सासूबाई. निवृत्त शिक्षिका, मायाळू, नातीवर जीव टाकणाऱ्या, आणि उपवासाच्या बाबतीत एकदम कडक. संकष्टी, एकादशी, सोमवार, काही चुकायचं नाही. साबुदाण्याच्या खिचडीवर दाण्याचं कूट आणि तूप असं पडायचं की मी चिडवायची, "आई, एकादशी आणि दुप्पट खाशी." त्या डोळे न उचलता म्हणायच्या, "देवाच्या नावानं खातो. तुमच्यासारखं कॉम्प्युटरच्या नावानं नाही." आमचं बरं चाललं होतं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि मुलीने आजीबरोबर संकष्टी धरली. एक दिवसाची हौस असेल, असं मला वाटलं. मग सोमवार आला. मग गुरुवार, मार्गशीर्षातले आहेत म्हणून. सासूबाईंचा आनंद गगनात मावेना. भाजीवाल्यापासून वाण्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालं. समोरच्या काकूंनी तिच्या ओंजळीत बोरं आणि पेरू घातले आणि मला म्हणाल्या, "आजकालच्या मुलींत असं कुठे बघायला मिळतं! गुणाची पोर गं तुझी." मी सासूबाईंना म्हटलं की वाढीचं वय आहे, एवढे उपवास नकोत. त्या म्हणाल्या, "अगं, खिचडी खाते ना ती. पोटभर देते मी." मी संध्याकाळी घरी यायची. तोवर खिचडीची कढई घासून पालथी असायची, मी काय बघणार?

प्रत्यक्षात काय चाललं होतं? पोर आजीला म्हणायची, "मी नुसतं दूध घेते, मला कडक उपवास करायचाय." आणि आजीचं ऊर भरून यायचं. फराळसुद्धा करत नाही, केवढी निष्ठा! ते दूधही बऱ्याचदा बेसिनमध्ये जायचं, हे नंतर कळलं. शाळेच्या डब्यातली पोळी मैत्रिणीच्या पोटात जायची, आणि रात्री माझ्यासमोर ती "दुपारचंच पोट भरलंय" म्हणून दोन घासांवर उठायची.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी दुपारी मला ऑफिसात शाळेतून फोन आला. गॅदरिंगच्या नाचाची तालीम चालू असताना मुलगी चक्कर येऊन पडली होती. येरवड्याहून पेठेपर्यंत मी स्कूटर कशी चालवली ते माझं मला माहीत. शाळेत पोचले तर पोर शिक्षकांच्या खोलीत बाकावर पडलेली, ओठ पांढरे, आणि तिच्या उशाशी बसलेल्या वर्गशिक्षिका मला काय सांगतात? "काळजी करू नका. उपवास आहे तिचा. फारच धार्मिक आहे हो मुलगी, चांगले संस्कार आहेत." पोर जमिनीवर आडवी झाली आणि ह्यांना संस्कार दिसले! मी पोरीला हाताला धरून उठवलं. बोलले असते तर शाळेचं छप्पर उडालं असतं.

तिला तशीच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, नाडी पाहिली, वजन घेतलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत विचारलं, "दहा वर्षांच्या मुलीला उपवास? ही कोणाची अक्कल?" रक्त तपासायला सांगितलं, औषध लिहून दिलं, आणि म्हणाल्या, "औषध दुय्यम. आधी जेवू घाला."

दवाखान्याच्या बाहेर पायरीवर बसून मी तिला नारळपाणी पाजलं. नको नको म्हणत प्यायली. मग मी विचारलं, "बाळा, एवढे उपवास करून तू देवाकडे मागतेस तरी काय?"

तिने स्ट्रॉने शहाळ्याचा तळ ढवळला. मग म्हणाली, "मला शेवटच्या रांगेत नको उभं करायला."

हळूहळू सगळं बाहेर आलं. नाच बसवायला शाळेने दिवाळीनंतर बाहेरून एक बाई आणल्या होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी मुलींच्या रांगा लावल्या. सडपातळ पुढे, बाकीच्या मागे. माझ्या मुलीला सगळ्यांसमोर सांगितलं, "तू नाचतेस छान गं, पण जरा गुटगुटीत आहेस. गॅदरिंगपर्यंत बारीक झालीस तर पुढे घेईन." मुली हसल्या. पोर घरी आली आणि कोणालाच काही बोलली नाही.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"डाएट म्हटलं असतं तर तू रागावली असतीस," ती म्हणाली. "उपवास म्हटलं की कोणीच रागावत नाही. सगळे शाब्बास म्हणतात." मग म्हणाली, "आणि तुलापण सगळे शाब्बास म्हणतात ना. काकू रोज म्हणतात, किती बारीक झालीस, किती छान दिसतेस. आधी कुठे म्हणायच्या?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी घरात एक शब्द उच्चारत नव्हते, जिभेला कुलूप घातलं होतं, आणि जिन्यात, भाजीच्या गाडीवर, हळदीकुंकवाला ही सगळी मंडळी माझ्या पोरीच्या कानात रोज तेच ओतत होती. मी गुडघ्यासाठी चालत होते, त्यांना माझी कंबर दिसत होती. यात माझं काय चुकलं ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

रात्री जेवताना मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या मान्यच करेनात. "देवाचं नाव घेऊन खोटं बोलायची रीत नाही या घरात." माझा नवरा गरीब बिचारा, दोघींकडे आळीपाळीने बघत पोळी मोडत राहिला. आणि मुलीने ताट दूर सरकवलं. "आज गुरुवार आहे, कडक, रात्रीही सोडायचा नाही. आणि मी सोळा सोमवारपण धरलेत. आजी म्हणते, उतायचं नाही, मातायचं नाही, घेतला वसा टाकायचा नाही. टाकला तर वाईट होतं." मी ओरडले, समजावलं, जवळ घेतलं. पोर खाईना. आता प्रश्न नुसत्या रांगेचा उरला नव्हता. तिने देवाला शब्द दिला होता आणि तो मोडायची तिला भीती वाटत होती. रात्री अमरावतीला आईला फोन केला, तर ती तिकडून मलाच फाडून खायला उठली, "पोरीले उपाशी ठेवता काऊन वं? तुमच्या पुण्यात अन्न नाही का?"

शुक्रवारी ऑफिसला रजा टाकली आणि त्या नाचाच्या बाईंना शाळेत गाठलं. त्या हसून म्हणाल्या, "अहो, स्टेजवर बरं दिसायला नको का? उद्या पालकच व्हिडिओ काढतात."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "मग माझ्या मुलीचा कालचा व्हिडिओ काढला का कोणी? चक्कर येऊन पडली तेव्हाचा? आता तर बारीक झाली होती ना, छान दिसला असेल."

त्यांचं हसू गेलं. "मी सहज म्हणाले होते हो. मुलांनी एवढं मनावर घ्यायचं नसतं."

"दहा वर्षांच्या मुलीला सहज काय म्हणायचं ते तुम्हाला कळत नाही, आणि मनावर काय घ्यायचं ते तिला कळायला हवं. वा!"

मुख्याध्यापिकांनी मध्ये पडून निकाल दिला, रांगा उंचीप्रमाणे लागतील. माझी मुलगी वर्गात सगळ्यांत उंच. म्हणजे पुन्हा शेवटचीच रांग! मी तिथेच कपाळाला हात लावला. पण मुलीला ते पटलं. उंच असणं काही वाईट नव्हतं. नाचाचा विषय तिथे संपला, जेवणाचा मात्र नाही. रात्री तिने अर्धी पोळी खाल्ली आणि सांगून टाकलं, "उद्या माझा शनिवार आहे."

शनिवारी नेमकी एकादशीही होती, आणि सासूबाईंचं भजनी मंडळ त्या वेळी आमच्याकडे होतं. सकाळी सासूबाईंनी नातीला न्हाऊ घातलं, केस विंचरायला बसल्या. फणीत केसांचा हा एवढा पुंजका आला. त्यांनी तो बोटाभोवती गुंडाळला, बघितला, पुन्हा फणी फिरवली. पुन्हा तेवढेच आले. त्यांनी फणी बाजूला ठेवली. माझं बोलून झालं होतं.

चार वाजता मंडळ जमलं. टाळ, पेटी, सतरंजी, स्वयंपाकघरात वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. कुकरमध्ये मी लावलेला वरणभातही होता, कारण माझ्या नवऱ्याला उपवासाचं पित्त होतं. पहिलं भजन झालं, आणि समोरच्या काकूंनी मुलीला जवळ ओढलं. "ये गं माझी राणी! हिला आधी प्रसाद द्या बाई, हिच्याइतका कडक उपवास आपल्यात कोणाचा नाही. आणि बघा, कशी शिडशिडीत झाली! आईवर गेली हो. काय गं, कुठलं डाएट तुझं? आम्हालाही सांग की."

झालं. तेवढंच बाकी होतं.

"जेवते काकू मी," मी म्हटलं. "तीन वेळा जेवते. आणि ही तुमची राणी परवा शाळेत चक्कर येऊन पडली. ती देवासाठी उपाशी नाहीये. कोणीतरी तिला जाड म्हणालं म्हणून उपाशी आहे. आणि तुम्ही सगळ्या मिळून गेला महिनाभर त्याच्या आरत्या ओवाळताय."

पेटीवाल्या बाईंची बोटं पट्ट्यांवर तशीच राहिली. मुलगी दाराच्या चौकटीला चिकटून उभी, मान खाली. माझा आवाज चढला होता, सासूबाईंच्या मैत्रिणींसमोर, सासूबाईंच्या एकादशीला. मला त्याचं काही वाटत नव्हतं. एक बाई हळूच म्हणाल्या, "पण बाई, बारीक असणं काही वाईट नाही हो."

"वाईट नाही?" मी वळले. पुढे मी काय बोलले असते देव जाणे.

सासूबाईंनी हातातले टाळ सतरंजीवर ठेवले. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या. कुकरचं झाकण उघडल्याचा आवाज आला. त्या बाहेर आल्या तेव्हा हातात ताट होतं. भात, वरण, वरून तूप, लिंबाची फोड. एकादशीला भाताच्या शिताला त्या हात लावत नसत, आजारपणातसुद्धा नाही. भर मंडळात, देवासमोर मांडी घालून बसल्या, भात कालवला आणि पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला. कोणीतरी "अहो!" म्हणालं. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हे बघ," त्या नातीला म्हणाल्या. "मोडली माझी एकादशी. तुझ्या सगळ्या वारांचं, सोमवारांचं जे काही व्हायचं असेल ते माझं होऊ दे. देवाशी मी बोलते, माझी त्याची जुनी ओळख आहे. ये. बस."

पोर जागची हलेना. आजीने दुसरा घास कालवला आणि हात तसाच पुढे धरून ठेवला. शेवटी ती आली, आजीसमोर बसली आणि तोंड उघडलं. एक घास खाल्ला. मग दुसरा. तिसऱ्या घासाला तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, पण ती खात राहिली, भूक अशी की चावायचंही सुचत नव्हतं.

मध्येच थांबली. तोंड पुसलं, सतरंजीवर बसलेल्या सगळ्या बायकांवरून नजर फिरवली आणि मला विचारलं, "आई, आता मला गुणाची कोणी म्हणणारच नाही का?"

"नाही म्हणणार," मी म्हटलं. "वरण घे अजून."